‘नॉर्मल’ म्हणणारं यंत्र आणि साडेसात चौकोन: लाइम रोगात घरच्या ईसीजीचा उपयोग किती?

फोनच्या पडद्यावर वरती मोठ्या अक्षरांत ‘नॉर्मल सायनस ऱ्हिदम’. ठोके मिनिटाला ७२. खाली तीस सेकंदांची रेघ, एकसारखी, नीटनेटकी. आणि त्याच रेघेत प्रत्येक ठोक्याआधीचा छोटा उंचवटा जिथे सुरू होतो, तिथून पुढचा उंच सुळका सुरू होईपर्यंत आठ बारीक चौकोन. एक चौकोन ४० मिलिसेकंदांचा, म्हणजे एकूण ३२०. लाइम रोगाचा संशय असलेला माणूस ही रेघ घेऊन अमेरिकेत हृदयरोगतज्ज्ञाकडे गेला तर तो त्याला घरी पाठवत नाही, दाखल करून घेतो. यंत्राने मात्र शाबासकी देऊन टाकलेली असते.

यंत्र खोटं बोललेलं नाही. त्याला प्रश्नच दुसरा विचारलेला आहे: एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) आहे का, ठोके नियमित आहेत का, गती ५० ते १०० मध्ये आहे का? लाइममध्ये हृदयाची जी वायरिंग बिघडते, त्या बिघाडाची पहिली पायरी या तिन्ही प्रश्नांत आरामात पास होते. म्हणून या परीक्षणात आम्ही एकच गोष्ट तपासतो आहोत. एलाइव्हकोर कंपनीचं ‘कार्डियामोबाइल ६एल’ आणि ‘अ‍ॅपल वॉच’मधला ईसीजी, ही दोन्ही साधनं लाइमच्या हृदयविकारात कितपत उपयोगी पडतात? थोडक्यात उत्तर असं की यंत्राचा निकाल वाचू नका, रेघ वाचा. रेघ वाचायची नसेल तर पैसे घालू नका.

आधी रोगाबद्दल लागेल तेवढंच. लाइम हे कनेटिकट राज्यातलं गाव. १९७५ च्या सुमारास तिथल्या मुलांमध्ये सांधे सुजण्याचे बरेच प्रकार एकदम आढळले आणि गावाचं नाव रोगाला चिकटलं. त्यामागचा जिवाणू बोरेलिया बर्गडॉर्फेरी. तो पसरवते गोचीड, पण गुरांच्या कानामागे टम्म फुगून बसलेली आपल्या ओळखीची गोचीड नव्हे. ही काळ्या पायांची, आणि सगळ्यात जास्त त्रास देते ती तिची पिलावस्था, खसखशीच्या दाण्याएवढी. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स आणि तिकडे विस्कॉन्सिन-मिनेसोटा हा तिचा मुख्य मुलूख. म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनपासून बोस्टनपर्यंत, जिथे मराठी मंडळांच्या सहली जंगलवाटांवर निघतात, नेमका तोच पट्टा. सिंधुदुर्ग आणि सत्तरीकडच्या वाचकांना गोचीड म्हटलं की माकडताप आठवेल. तो विषाणूचा आजार, त्याची गोचीडही वेगळी. लाइम जिवाणूचा असल्याने तो अँटिबायोटिकला दाद देतो, आणि पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या लाइमच्या रुग्णांपैकी साधारण शंभरात एकाच्या हृदयाला बाधा होते. त्यातल्या बहुतेकांत बिघाड एकाच ठिकाणी दिसतो, वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विजेचा संदेश ज्या एव्ही नोडमधून जातो तिथे. हा एक टोलनाका समजा, आणि तिथला अडथळा म्हणजे ब्लॉक. पहिल्या दर्जाच्या ब्लॉकमध्ये सगळ्या गाड्या सुटतात, फक्त उशिरा. दुसऱ्यात काही गाड्या परत पाठवल्या जातात. तिसऱ्यात फाटक बंद, आणि पलीकडची वस्ती स्वतःच्या तुटपुंज्या शिध्यावर, मिनिटाला चाळीसेक ठोक्यांवर दिवस काढते. इतर कारणांनी होणाऱ्या ब्लॉकपेक्षा इथे वेगळं काय, तर वेग. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचा प्रवास काही तासांत, कधी काही मिनिटांत होतो, आणि उलटही होतो. नोव्हेंबर २०१२ ते जुलै २०१३ या काळात अमेरिकेत २६ ते ३८ वयाचे तिघेजण अचानक दगावले आणि नंतरच्या तपासणीत त्यांच्या हृदयात लाइम सापडला. असे मृत्यू फार विरळ, पण वय बघा.

आता यंत्र. ‘६एल’ म्हणजे च्युइंगगमच्या पाकिटापेक्षा थोडी मोठी पट्टी. वर दोन धातूच्या पट्ट्या, खाली एक. २०१९ मध्ये बाजारात आलं तेव्हा किंमत १४९ डॉलर होती. आत सीआर २०१६ हा नाण्यासारखा सेल, घरी बदलता येतो. फोनशी ब्लूटूथने जोडतं. जुन्या एका लीडच्या (लीड म्हणजे हृदयाच्या विजेकडे पाहण्याचा एक कोन, ६एलमध्ये असे सहा) कार्डियात फोनचा माइक यंत्रातून येणारा कानाला न ऐकू येणारा आवाज टिपायचा, त्यामुळे फोनचं कव्हर, पंख्याची घरघर, सगळंच आड यायचं. ती कटकट इथे नाही.

रेघ घेताना बहुतेक चुका बसण्यातच होतात. पाठ टेकून बसा, डाव्या पायाची पँट गुडघ्यावर घ्या. गुडघ्याची कातडी आणि दोन्ही अंगठे ओल्या फडक्याने पुसा. हिवाळ्यात न्यू जर्सीच्या हीटरने कोरड्या पडलेल्या कातडीवर हे केलं नाही तर रेघ नुसती थरथरते. यंत्रावरचं नाव आपल्याकडे सरळ दिसेल असं ते डाव्या गुडघ्यावर ठेवा, वरच्या पट्ट्यांवर दोन्ही अंगठे टेकवा. दाबू नका, दाबलं की मनगटाचे स्नायू रेघेत उतरतात. मनगटं मांडीवर सैल सोडा. बोलू नका. लीड एकमध्ये उंचवटा आणि सुळका दोन्ही खाली तोंड करून दिसले तर घाबरण्याआधी यंत्र उलटं धरलंय का ते पाहा.

नेहमीची रेघ तीस सेकंदांची असते. लाइमचा संशय असेल तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन वेळ वाढवा, पाच मिनिटांपर्यंत जाता येतं. जो ब्लॉक येतो-जातो, तो तीस सेकंदांच्या फटीतून सहज निसटतो.

त्यानंतर सहापैकी लीड दोन उघडा. उंचवटा, म्हणजे पी लहर, तिथे सगळ्यात ठळक दिसते. पीडीएफ काढा. मोजमाप पट्टीने करू नका, चौकोन मोजा. ‘पानात बसवा’ हा पर्याय निवडून छापलं की कागदावरचा मिलिमीटर मिलिमीटर राहत नाही, पण चौकोनही त्याच प्रमाणात लहान होतात, त्यामुळे मोजणी चुकत नाही. पी लहर जिथे रेघ सोडून वर चढते तिथून सुळक्याच्या पहिल्या हालचालीपर्यंत मोजा. शेंड्यापासून शेंड्यापर्यंत नाही. हाच पीआर. प्रौढांत तो ३ ते ५ बारीक चौकोन असतो, म्हणजे १२० ते २०० मिलिसेकंद. पाचाच्या वर गेला की पहिल्या दर्जाचा ब्लॉक. साडेसात चौकोन, ३०० मिलिसेकंद, ही लाइममधली धोक्याची रेषा. तिच्या पलीकडे पूर्ण ब्लॉक होण्याची शक्यता वाढते, आणि २०२० च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना अशा रुग्णाला मॉनिटरखाली दाखल करायला सांगतात.

नुसत्या डोळ्यांनी अर्ध्या चौकोनाची चूक होतेच. त्यामुळे काल पाच आणि आज साडेपाच यावरून काही ठरवू नका. काल पाच आणि आज सात असेल तर मात्र तो खरा बदल. एकाच रेघेत किमान तीन ठिकाणी मोजा. आकडे वेगवेगळे आले तर सरासरी काढण्याचा मोह टाळा. सहा, सात, आठ असं वाढत जाऊन एक सुळका गायब, मग पुन्हा सहापासून सुरुवात, हा दुसऱ्या दर्जाचा ब्लॉक आहे, आणि सरासरी काढली की नेमका तोच झाकला जातो.

दोनास एक ब्लॉक सगळ्यात फसवा. वरचे कप्पे ७८ च्या गतीने चालतात, खाली पोचतात निम्मे, ३९. यंत्र ‘गती कमी’ किंवा ‘वर्गीकरण शक्य नाही’ एवढंच सांगतं, आणि रोज पळणारा माणूस ‘माझी नाडी तशीही कमीच असते’ म्हणून सोडून देतो. दोन सुळक्यांच्या बरोबर मधोमध पाहा. तिथे एक एकटा उंचवटा असेल, किंवा सुळक्यामागच्या टी लहरीला नसती खोच पडलेली असेल, तर ती अडवलेली गाडी आहे. पूर्ण ब्लॉकमध्ये उंचवट्यांमधलं अंतर समान, सुळक्यांमधलंही समान, पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, पीआर प्रत्येक ठोक्याला निराळा. शब्दांत अवघड वाटतं, पण कागदाच्या कडेवर उंचवट्यांच्या खुणा करून तो कागद पुढे सरकवला की दोन मिनिटांत कळतं. दवाखान्यातही याच युक्तीने पाहतात.

अ‍ॅपमधली पैसे भरून मिळणारी सदस्यता घ्यावी का? जादा ठोके, रुंद सुळके वगैरे आणखी काही निकाल तिच्यात मिळतात. पीआर मोजून धोका सांगणारा निकाल त्यात नाही. म्हणजे या कामासाठी नको.

अ‍ॅपल वॉचची गोष्ट थोडी वेगळी. ईसीजी सीरिज ४ पासून आहे, लीड एकच, तीही लीड एक. तिच्यात पी लहर पुष्कळांची इतकी बुटकी येते की मोजणी हातची जाते. यावर उपाय आहे. घड्याळ मनगटावरून काढा, त्याची मागची काच डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला किंवा पोटाच्या डाव्या खालच्या भागावर टेकवा, आणि उजव्या हाताचं बोट डिजिटल क्राउनवर, म्हणजे कडेच्या गोल बटणावर ठेवा. ही झाली लीड दोन. पीडीएफवर मात्र छापून येईल ‘लीड एक’च, कारण घड्याळ घोट्यावर गेलंय हे त्याला कळत नाही. तिथे पेनाने ‘लीड दोन, डावा घोटा’ असं लिहायला विसरू नका, नाहीतर वाचणाऱ्या डॉक्टरचा हृदयाच्या अक्षाबद्दल, म्हणजे त्यातली वीज कोणत्या दिशेला जाते याबद्दल, भलताच समज होईल.

घड्याळाचा खरा फायदा दुसरीकडे आहे. ते दिवसभर अंगावर असतं. विश्रांतीत दहा मिनिटं नाडी ठरलेल्या आकड्याखाली राहिली की ते सूचना देतं. हा आकडा मुळात ४० असतो, तो ४५ किंवा ५० करता येतो. लाइमवर उपचार चालू असलेल्याने ५० करून ठेवावा, एरवीच नाडी पन्नाशीच्या आत असेल त्याने ४५. अनियमित ठोक्यांच्या सूचनेवर मात्र विसंबू नका. ती फिब्रिलेशनसाठी आहे, आणि पूर्ण ब्लॉकमधले ठोके संथ असले तरी बहुतेकदा घड्याळाच्या टिकटिकीसारखे नियमित असतात.

दोन्ही यंत्रं जिथे काहीच सांगू शकत नाहीत, त्या जागा आधीच माहीत असाव्यात. छातीवरचे व्ही-१ ते व्ही-६ हे लीड यांत नाहीत. लाइममध्ये कधी कधी हृदयाचा स्नायू आणि त्यावरचं आवरणही सुजतं. छातीत दुखत असताना घरची रेघ चांगली आली याला काडीचाही अर्थ नाही. दुसरी गोष्ट मुलांची. लाइम पाच ते चौदा वयाच्या मुलांत भरपूर आढळतो, पण अ‍ॅपलचा ईसीजी बावीस वर्षांखालच्यांसाठी नाही आणि कार्डियाही मोठ्यांसाठीच आहे. लहान मुलांचा पीआर मुळातच आखूड, त्यामुळे वरचा पाच चौकोनांचा हिशेब त्यांना लावला तर बिघाड असूनही ‘ठीक आहे’ असं उत्तर मिळेल. मुलांना लक्षणं असतील तर दवाखान्यातला बारा लीडचा ईसीजीच हवा.

आणि लक्षणं नसतील तर? गोचीड चावली, अंगावर चट्टा आला, बाकी माणूस ठणठणीत, अशा वेळी सरसकट ईसीजी काढायची गरज नाही असंच मार्गदर्शक सूचना सांगतात. धाप, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, जिना चढताना अचानक शक्ती संपणं, छातीत दुखणं, पायांवर सूज, चक्कर येऊन पडणं, यांपैकी काही असेल तरच. म्हणजे निव्वळ धास्तीपोटी हे यंत्र घेणाऱ्याला आम्ही ‘नको’ म्हणू. त्या पैशांत बारीक टोकाचा चांगला चिमटा घ्या. गोचीड कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल, तेल, पेटती काडी यांतलं काहीही लावायचं नाही. गोचीड ३६ तास किंवा जास्त चिकटलेली असेल, तर काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टर मोठ्यांना डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा २०० मिलिग्रॅमचा एकच डोस देऊ शकतात.

चट्ट्याबद्दल एक गोष्ट. पुस्तकांतले फोटो गोऱ्या कातडीवरचे, लालभडक, मध्ये फिकट वर्तुळ असलेले. सावळ्या कातडीवर तोच चट्टा तपकिरी किंवा जांभळट दिसतो, मुका मार लागल्यासारखा, आणि बरेचदा मध्ये वर्तुळ नसतंच. आपल्या लोकांचा चट्टा डॉक्टरच्याही नजरेतून सुटतो तो यामुळे. दिसला की त्याच दिवशी शेजारी नाणं ठेवून फोटो काढा आणि दोन दिवसांनी पुन्हा काढा. तो पसरत जातो, हीच त्याची ओळख.

हा फोटो पुढे ईसीजीइतकाच कामी येतो. कॅनडातल्या किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातल्या डॉक्टरांनी मोठा ब्लॉक असलेल्या रुग्णासाठी गुणांची एक सोपी मोजणी तयार केली आहे. ताप-थकवा अशी लक्षणं २, बाहेरचा वावर किंवा लाइमच्या मुलखात राहणं १, पुरुष असल्यास १, गोचीड चावल्याची माहिती ३, वय पन्नासच्या आत १, चट्टा ४. एकूण बारा. दोनपर्यंत संशय कमी, तीन ते सहा मध्यम, सात ते बारा जास्त. सगळ्यात जास्त गुण चट्ट्याला आहेत, आणि तो मिटून गेल्यावर पुरावा उरतो तो फक्त फोटोचा.

६एल पैसे खऱ्या अर्थाने वसूल करतं ते दवाखान्यातून घरी आल्यावर. दाखल असताना सहसा सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम रोज एकदा शिरेतून देतात. ब्लॉक सुधारला की गोळ्यांवर आणतात, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. सगळा कोर्स मिळून १४ ते २१ दिवस. पूर्ण ब्लॉक बहुतेकांचा आठवडाभरात सुटतो, लांबलेला पीआर पूर्ववत व्हायला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. नेमक्या या सहा आठवड्यांत रोज सकाळी, त्याच खुर्चीत, चहाच्या आधी एक रेघ काढायची आणि वहीत फक्त तीन रकाने भरायचे: तारीख, नाडी, चौकोन. नाडी का? कारण नाडीची गती बदलली की पीआरही बदलतो, आणि गती माहीत नसेल तर चौकोनांच्या आकड्याची तुलना करता येत नाही. सात, सात, सहा, पाच असा उतार दिसला की औषध काम करतंय. उतार थांबून आकडा पुन्हा वर चढला तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता फोन करायचा. बारा लीडचा ईसीजी यामुळे टळत नाही. पण दोन भेटींच्या मधला जो काळ एरवी अंधारात जातो, तो कागदावर येतो.

या काळात आणखी एक गोष्ट तपासून घ्या, घरातली औषधांची पेटी. बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा दुसरा बीटा ब्लॉकर, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन ही सगळी त्याच टोलनाक्यावर ब्रेक लावणारी औषधं आहेत. ती आपल्या मनाने बंद करायची नाहीत, पण पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवायची.

साडेसात चौकोन, गळालेला सुळका, चाळिशीखालची नाडी, किंवा भोवळ येऊन पडणं, यांतलं एकही झालं तर खात्री करायला दुसरी रेघ काढत बसू नका. तिकडे ९११, इकडे ११२ किंवा १०८. गाडी स्वतः चालवायची नाही.

निवड करायची तर, उपचार चालू असलेल्या प्रौढाने ६एल घ्यावं. घड्याळ आधीच हातात असेल तर घोट्याची युक्ती शिकून घ्यावी, खास यासाठी नवं घड्याळ घेऊ नये. दोन्ही असतील तर सकाळच्या रेघेला पट्टी आणि दिवसभराच्या सूचनेला घड्याळ, अशी वाटणी छान जमते.

तिकडून दिवाळीला पुण्या-मुंबईला येणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. खसखशीएवढ्या गोचिडी तिकडच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला चावतात, हृदयाचा त्रास त्यानंतर काही आठवड्यांनी, बहुधा दोनेक महिन्यांच्या आत होतो, पण कधी त्याहून उशिराही. म्हणजे कुणाची पहिली चक्कर इथे घरी येऊन पडते. पस्तिशीतल्या माणसाला पूर्ण ब्लॉक दिसला की इथल्या हृदयरोगतज्ज्ञाच्या मनात सारकॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या गाठी होणारा आजार) किंवा क्षय येणं साहजिक आहे. लाइम सहसा येत नाही, कारण तो इथे क्वचितच दिसतो. मग कायमचा पेसमेकर बसू शकतो, जो लाइममध्ये बहुतेकांना लागतच नाही. गरज पडलीच तर तात्पुरत्या पेसिंगवर (काही दिवसांपुरत्या पेसमेकरवर) निभावतं. ब्लॉक सुटल्यावर घरी सोडण्याआधी ट्रेडमिलवर ठोके १२० च्या वर नेऊन प्रत्येक ठोका खाली पोचतो का तेही पाहता येतं.

म्हणून प्रवासाला निघताना तीन गोष्टी करून ठेवा. अ‍ॅपच्या सेटिंगमधला विजेचा फिल्टर ६० हर्ट्झवरून ५० वर आणा. अमेरिकेतली वीज ६० ची, आपली ५० ची, आणि हे राहून गेलं तर चार्जरला लावलेल्या फोनजवळ घेतलेली रेघ करवतीच्या दात्यांसारखी येते. जुन्या रेघांच्या पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवा, रुग्णालयाच्या तळघरात नेटवर्क मिळेलच असं नाही. आणि पाकिटात पासपोर्टच्या झेरॉक्ससोबत एक चिठ्ठी असू द्या, पुढची माणसं घाईत असतील तरी वाचतील एवढी छोटी: ‘जून-जुलैत न्यू जर्सीच्या जंगलवाटांवर होतो. गोचीड काढली, तारीख अमुक. चट्ट्याचा फोटो फोनमध्ये. शेवटचा पीआर इतके चौकोन. ब्लॉक दिसला तर लाइमची रक्ततपासणी पाठवा, आणि कायमचा पेसमेकर ठरवण्याआधी सेफ्ट्रियाक्सोनचा विचार करा.’